जेवायला बोलावायची बारी

दिगू,

प्रश्न साधा होता. मित्राकडे जेवायला जायचं, तर हाताशी किती वेळ ठेवून निघावं? मी म्हणायचो, एक तास. रस्ता धरून फार तर सव्वा. तू म्हणायचास, "वेळ मोजून येतोस तर येतोस कशाला यार? तुझ्या स्टेशनजवळ, पडावावर, इतकी हॉटेलं आहेत, तिथं खा आणि सरळ दुकानात जा." एवढ्या एका मुद्द्यावर आपण आख्खी उमर भांडलो. तेवढ्या काळात ग्वाल्हेरचे रस्ते रुंद झाले, आपले केस गेले, तुझी कॉलेजातली नोकरी संपली, पण या खटल्याचा निकाल काही लागला नाही. आणि परवा-परवा, थंडी सरत आली असताना, एका सकाळी तू चहाचा कप शेजारी ठेवून खुर्चीत बसल्या बसल्या निघून गेलास.

लोक भेटतात आणि म्हणतात, "नशीबवान हो, त्रास झाला नाही, कुणाला त्रास दिला नाही." मी मान हलवतो. मनात म्हणतो, मला विचारा त्रास झाला की नाही. या माणसानं जन्मात कुठलीही गोष्ट झटपट केली नाही. बँकेत स्लिप भरायला गेला तर दुपार घालवायचा. आणि हीच एक गोष्ट तेवढी चुटकीसरशी उरकलीस! मला दुःख झालंय हे खरं, पण त्याच्याही वर राग आलाय. दुःखाला लोक खांदा देतात, रागाला कुणी विचारत नाही. म्हणून तुलाच ऐकवतो.

कारण शेवटचे चार-पाच महिने आपण एकत्र जेवलो नाही. बोलत होतो, फोन होत होते, रस्त्यात भेटलो तर स्कूटर बाजूला घेऊन उभे राहत होतो. पण जेवलो नाही. आणि तू गेल्यापासून मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती, की तू माझ्यावर रुसून गेलास का. एवढं कळलं तर मी बाकीचं सगळं सोसेन असं वाटत होतं.

आधी माझी बाजू मांडतो. तू मध्ये बोलायला नाहीस, त्याचा फायदा घेतो.

माझं चष्म्याचं दुकान स्टेशनच्या तोंडाशी. माझ्याकडे येणारं निम्मं गिऱ्हाईक प्रवासी. कुणी बर्थवर स्वतःच्याच चष्म्यावर बसलेला, कुणाची काडी निखळलेली, कुणाचं भिंग निसटलेलं, आणि प्रत्येकाची गाडी आता सुटणार. मी उभा जन्म गाडी सुटायच्या आत काम हातावेगळं करण्यात काढला. असा माणूस जेवायला बसला तर तासाभरात उठणारच. त्यात प्रेम कमी की जास्त, याचा संबंध कुठे आला? तू पडलास भूगोलाचा प्रोफेसर. तुमच्याकडे नदीला दरी कोरायला लाखो वर्षं लागतात आणि तुम्ही ती कौतुकानं शिकवता. तुला घाई कशाची असणार?

बरं, तू तासभर गप्पा मारून वेळ घालवायचास असंही नाही. मी येईपर्यंत तू स्वयंपाकच करायचा नाहीस. शिंदे की छावनीत तुझ्या घराखाली मी स्कूटर लावली की तू वरून गॅलरीतून ओरडायचास, "आलास का? ये, ये. मी तांदूळ धुतो." म्हणजे एक वाजता जेवायला बोलावलेला माणूस एकच्या ठोक्याला दारात, आणि यजमान आता तांदूळ धुणार! पहिल्यांदा मला वाटलं विसरलास. दुसऱ्यांदा वाटलं शैलावहिनी गेल्यापासून तुला घर झेपत नाही. तिसऱ्यांदा कळलं की हे धोरण आहे.

त्याचा इतिहास तू मला दर खेपेला सांगायचास. तुमचे कोणी खापरपणजोबा इथल्या एका सरदाराच्या स्वयंपाकघराची देखरेख करायचे. पाहुण्याचा घोडा फाटकातून आत आल्याशिवाय तिथं भाताचं आधण चढत नसे. आधी शिजवून ठेवलेलं वाढणं म्हणजे पाहुण्याला उरलंसुरलं वाढणं. मी म्हणायचो, "तिथं दहा आचारी असतील, दिग्या. तुझ्या शेगडीचा एक बर्नर जळतो आणि दुसरा नुसते सुस्कारे टाकतो." तू म्हणायचास, "तुझी स्कूटर हाच घोडा. आता आली आत. आता लावतो कुकर. पहिले बस तर खरं."

आणि बसवून काय करायचास? थंडीत मटारची परात माझ्या पुढ्यात ठेवायचास. पाहुण्याला मटार सोलायला लावणारा तुमचा तो सरदार कोण होता, हे मला आजवर कळलेलं नाही. मी सोलत असायचो, घड्याळाकडे बघत असायचो, आणि तू गॅसपाशी उभा राहून फोडणीत हिंग आधी की मोहरी आधी यावर शांतपणे विचार करत असायचास. दीड वाजायचा. दोन वाजायचे. दुकानातून फोन यायला लागायचे. "साहेब, वो झांसीवाले आए हैं." मी तुझ्याकडे बघायचो. तू म्हणायचास, "त्यांना सांग, साहेब मटार सोलून राहिले आहेत."

यावर तुझा एक सिद्धांतही होता. मूर्खपणाचा होता, पण होता. "सुध्या, कुकरची पहिली शिट्टी होईपर्यंत माणूस खोटं बोलतो. दुकान ठीक, तब्येत ठीक, मुलं ठीक. दुसऱ्या शिट्टीनंतर थोडं खरं निघायला लागतं. त्याला तयार ताटावर बसवलं नं, तर तो सगळं खोटंच सांगून घरी जातो आणि आपण समजतो की भेट झाली." मी म्हणायचो, "तुझ्या कुकरचं रबर सैल आहे. माझं खरं निघेपर्यंत तीन वाजतात." तू रबर बदललं नाहीस. मी दोनदा आणून दिलं, तरी नाही.

एकदा तू बोलवायचं, एकदा मी, अशी आपली बारी ठरलेली, आणि माझ्या घरी हिशेब सरळ होता. दर्पण कॉलनीत माझी बारी असेल तेव्हा नंदा एकच्या आत ताटं मांडायची. तू पाऊण तास उशिरा यायचास. जेवण अर्ध्या तासात व्हायचं, सगळ्यांचं होतं तसं. मी हात धुऊन किल्ली उचलायचो, आणि तू तसाच पाटावर बसल्यासारखा खुर्चीत. "वहिनी, याला जाऊ द्या. याची गाडी सुटेल. मी बसतो." आणि खरंच बसायचास. मी दुकानातून घरी फोन करायचो, तर मागे तुझं हसणं ऐकू यायचं. मी नंदाला म्हटलं, तुझी दुपारची झोप मोडते, त्याला सांगत का नाहीस? ती म्हणाली, "ते निदान विचारतात तरी, आज आमटीत काय वेगळं घातलं ते. तुम्हाला आमटी होती हे तरी आठवतं का?" तू माझ्या घरात बसून माझ्याच बायकोला फितवलंस. हेही तुझ्या नावावर मांडून ठेवलेलं आहे.

आता एक गोष्ट तुझ्या बाजूची सांगतो, नाहीतर वर बसून म्हणशील की सुध्यानं एकतर्फी लिहिलं. नंदाचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यातली. मी सकाळ-संध्याकाळ हॉस्पिटल आणि मधल्या वेळात दुकान, असं करत होतो. नातेवाईक डबे पाठवत होते, चांगले भरलेले डबे, आणि ते तसेच ओट्यावर पडून राहत होते. एका दुपारी तू आलास. हातात काही नाही. मला वाटलं, हा एक माणूस रिकाम्या हातानं आला. तू सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेलास, तांदळाचा डबा शोधलास, चार ठिकाणी चुकीचे डबे उघडलेस आणि माझ्याच कुकरमध्ये माझेच तांदूळ लावलेस. मी चिडून म्हटलं, "अरे, इतके डबे पडले आहेत." तू म्हणालास, "पडू दे." मग माझ्या शेजारी येऊन बसलास. पहिली शिट्टी झाली. मी म्हटलं, सगळं ठीक आहे, डॉक्टर चांगले आहेत. दुसरी झाली आणि मी रडायला लागलो. तिसरी आणि चौथी कधी झाली मला माहीत नाही. भात थोडा लागला. तो करपलेला भात आपण दोघांनी दह्याबरोबर खाल्ला आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर तू घरी गेलास. त्या दिवशी मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. हे तुला मी कधी बोललो नाही. आभार मानायचे असतात हे मला माहीत आहे, पण तुझे आभार मानले असते तर तू तो सिद्धांत जिंकल्याचं जाहीर केलं असतंस.

मग दसऱ्यानंतरची ती गोष्ट झाली, ज्यावरून सगळं अडलं.

बारी तुझी होती. तू रीतसर आदल्या दिवशी बोलावलंस, सकाळी पुन्हा आठवण केलीस. आणि साडेअकराला माझ्या दुकानात एका म्हाताऱ्या बाई आल्या, दोन्ही भिंगं फुटलेली, नातीच्या लग्नाला निघालेल्या, चष्म्याशिवाय समोरचा माणूस दिसत नव्हता. गाडी दुपारची. मी तुला फोन केला की आज जमत नाही. तू म्हणालास, "अच्छा. कोई बात नहीं." आणि मग सहज म्हणालास, "म्हणजे आता तुझी बारी."

"माझी कशी? मी जेवलो कुठं?"

"मी बोलावलं. माझं बोलावणं झालं. तू आला नाहीस, हा तुझा प्रश्न."

"अरे, तू अजून तांदूळसुद्धा धुतले नसशील! शिजलंच नाही तर बारी फिटली कशी?"

"भाजी निवडून झाली होती."

मी हसलो. तूही हसलास. मी फोन ठेवून बाईंच्या चष्म्याला लागलो. मला वाटलं होतं, दोन-चार दिवसांत तू पुन्हा बोलावशील. तुला वाटलं असेल, मी बोलावीन. आणि आपण दोघंही ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांतले. उपाशी राहू, पण बिनबोलावलं कुणाच्या पंगतीला बसणार नाही. बाहेरच्यांना हे सांगितलं तर हसतील. इथं मराठी घरं मोजकी, कोण कुणाकडे शेवटचं जेवलं हे बायकांना तोंडपाठ, आणि आपल्या आयांनी शिकवलेलं की दुसऱ्याच्या बारीत हात घालायचा नाही, त्याचा अपमान होतो. मी तुला बोलावलं असतं तर त्याचा अर्थ झाला असता, तू बोलावायला कमी पडलास. निदान मला तसं वाटत होतं. तुला काय वाटत होतं हे तुलाच ठाऊक.

दिवाळीत भेटलो. "मग, बोलावतोस ना?" तू म्हणालास. "तूच बोलाव," मी म्हणालो. एका लग्नात तर शेजारी शेजारी बसून जेवलो. तू जिलबी संपवून म्हणालास, "हे धरायचं नाही हं." मी म्हटलं, "छे, हे कसं धरणार?" कसे गंभीर चेहरे केले होते आपण! साठी उलटलेले दोन पुरुष. नंदा घरी आल्यावर म्हणाली, "अहो, बोलवा ना त्यांना. नाहीतर मी बोलावते." मी म्हटलं, "तू मध्ये पडू नकोस. बारी त्याची आहे." आणि मी अजून म्हणतो, बारी तुझीच होती. न शिजलेल्या भातानं बारी फिटत नाही. कुठल्याही शहाण्या माणसाला विचार.

जानेवारीच्या शेवटी धुकं इतकं होतं की गाड्या उशिरानं येत होत्या आणि माझ्या दुकानात पहिल्यांदाच कुणाला घाई नव्हती. मी रिकामा बसलो होतो. मीच फोन केला. म्हटलं, बघू हा आता काय म्हणतो. इकडचं तिकडचं झालं, आणि तू म्हणालास, "सुध्या, जेवायचं बघू आपण. थोडा थांब. एक काम होऊ दे."

"कसलं काम?"

"आहे एक. झालं की सांगतो."

मला तेव्हा पहिल्यांदा लागलं. आतापर्यंत तो खेळ होता. आता वाटलं, हा मला टाळतोय. निवृत्त माणूस, एकटा राहतो, याला असलं कुठलं काम, जे माझ्याबरोबर जेवण्याच्या आड येतं? मी म्हटलं, "तुझी कामं या जन्मात झाली आहेत का कधी?" तू काहीतरी म्हणणार होतास, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी फोन ठेवला. तो आपला शेवटचा फोन. नंतर आला तो तुझ्या शेजाऱ्यांचा. मी एका मुलीच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होतो. फ्रेम वाकडी बसली होती. ती सरळ केली, मग दुकान बंद केलं.

तुझा तेरावा झाला. केतकीनं सगळं नीट केलं, लेक शहाणी आहे तुझी. गच्चीवर मांडव, केटरर, टेबलावर ओळीनं भांडी, लोक हातात प्लेटा घेऊन उभे. कुणाला ऑफिसात परतायचं होतं, कुणाची शाळेची व्हॅन यायची होती. अर्ध्या-पाऊण तासात गच्ची रिकामी. तुझ्या घरात, दिगू! जिथं मी दोनच्या आत कधी घास घेतला नाही, तिथं दोन वाजता केटररची माणसं टेबलं घडी करत होती. माझ्या म्हणण्याप्रमाणेच सगळं झालं होतं, आणि मला त्या टेबलांना लाथ मारावीशी वाटली.

दोन दिवसांनी केतकीचा फोन. "काका, मी मंगळवारी इंदूरला परत जाऊन राहिले आहे. रविवारी जेवायला या ना. काकूंना पण घेऊन या." नंदा म्हणाली, "मला त्या घरात आत्ता जमणार नाही. तुम्ही जा." मी रविवारी दुकानाचं शटर दुपारीच ओढलं. शेजारच्या पुस्तकवाल्यानं विचारलं, "आज कहाँ?" मी म्हटलं, जेवायला. "कब तक आओगे?" मी म्हटलं, सांगता येत नाही. मनाशी ठरवून निघालो होतो की आज केतकी तांदूळ धुवेल, मी हवं ते सोलीन, आणि संध्याकाळपर्यंत उठणार नाही. तुझ्या तत्त्वाला एकदा तरी हजेरी द्यावी, असं वाटलं होतं.

वर गेलो, तर टेबलावर दोन ताटं मांडलेली. वाटीत वरण, कोशिंबीर, मटारची उसळ, सगळं झालेलं. मधोमध एक मोठं, चकचकीत स्टीलचं कॅसरोल.

"बसा काका, वाढूनच टाकते."

"तांदूळ?"

"तो तर कधीचाच झाला."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "केतू, तुझ्या बाबानं हे बघितलं असतं तर घर सोडून गेला असता."

ती म्हणाली, "काका, हे बाबांनीच सांगितलं होतं. जानेवारीत त्यांचा फोन आला. म्हणाले, केतू, भात दोन तास गरम राहील असा डबा असतो का? मी म्हटलं, आपके घर में? तुम्ही तर कधी आधी करून ठेवतच नाही. तर म्हणाले, सुध्याला टाइम नसतो गं. मी गॅसपाशी उभा असतो, तो तिकडे मटार सोलत बसतो, आणि त्याच्यापाशी असलेला सगळा वेळ यातच जातो. या खेपेला सगळं करून ठेवतो. तो जितका वेळ बसेल, तितका वेळ मी समोर बसेन."

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "मग बोलावलं का नाही त्यानं?"

"डबा कुठं आला होता! मी इंदूरहून ऑर्डर केला, तो कुरिअरवाला दोनदा परत गेला. उसको गली ही नहीं मिली. बाबा रोज विचारायचे. मी म्हटलं, बाबा, बाजारातून कुठलाही आणा ना. तर म्हणे, नाही, हाच हवा, चांगला मोठा आहे, आल्याबरोबर सुध्याला फोन करतो. इस बार सब रेडी चाहिए."

"मग आला कधी?"

"तुम्हीच तर घेतलंत, काका. दहाव्याच्या दिवशी. ओटीपी मी आतून ओरडून सांगितला नव्हता का?"

खरंच. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. घर माणसांनी भरलेलं, आणि एक माणूस खोकं घेऊन आकडे विचारत होता. अशा वेळी लोकांना सामान मागवायचं सुचतं कसं, म्हणून मला त्याचासुद्धा राग आला होता. मी ते खोकं चपलांच्या रॅकखाली सरकवलं होतं.

केतकीनं झाकण काढलं. वाफ आली. तिनं भात वाढला, वर वरण, वर तूप. विचारलं, "गरम आहे ना, काका?" मी म्हटलं, आहे. मी जेवलो. पंधरा-वीस मिनिटांत मला जेवण उरकता येतं, हे मी तुझ्या घरात, तुझ्या खुर्चीसमोर सिद्ध केलं. मग ती ताटं उचलायला लागली, तर म्हटलं, राहू दे जरा.

आता कळलं तुझं काम कोणतं होतं. रुसला नव्हतास, हेही कळलं. सगळं कळलं, आणि वाटलं होतं तसं सोसलं काही जात नाही. दिगू, तुझी अक्कल कुठं गेली होती? जन्मभर ज्या गोष्टीवरून भांडलास, ती एका दुपारी मनातल्या मनात सोडून दिलीस आणि मला सांगायचं सोडून डब्याची वाट बघत बसलास? मला तुला हरवायचं नव्हतं. असं तर मुळीच नाही. तू हट्टानं कुकर लावत राहिला असतास, मी कुरकुरत सोलत राहिलो असतो, तर काय बिघडत होतं? आणि ठरवलंच होतंस तर फोन लावायचास. भात भांड्यातच ठेवायचास. टॉवेलात गुंडाळून ठेवायचास. तसाच उघडा ओट्यावर ठेवायचास. इतकी वर्षं तुझ्याकडे जेवलो, पण तुला कधी विचारावंसं वाटलं नाही आणि मलाही कधी सांगावंसं वाटलं नाही. मी थंड भात खाल्ला असता रे.